सिक्सलाइन रास की यलो कोरिस?

लातूरचा भाचा अडलाय: रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, या दोन माशांतला कोणता सोडू? दुकानदार दोन्हींना ‘एकदम शांत’ म्हणतो, ते सोडून द्या.

ओळख सोपी. सिक्सलाइनच्या अंगावर सहा निळसर आडव्या रेघा. कोरिस लखलखीत पिवळा, पाठीच्या परावर काळे ठिपके.

खरा फरक झोपेत. कोरिस रात्री वाळूत शिरतो, म्हणून बारीक वाळूचा निदान 5 सेंटिमीटर थर लागतो. नवा आणला की काही दिवस तिथेच दडी मारतो. मेला समजून उकरू नका. सिक्सलाइन दगडांच्या फटीत, अंगाभोवती चिकट कोष करून झोपतो. वाळूवाचून त्याचं काही अडत नाही.

स्वभावात मात्र सिक्सलाइन जेमतेम 8-10 सेंटिमीटरचा असून दादागिरी भारी. मागून आलेल्या लहान माशांना सळो की पळो करतो, म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी सोडायचं.

दोघेही उड्या मारतात, जाळीचं झाकण हवंच. आणि आपल्याकडचा मे महिना! पाणी 26 अंशांच्या आसपास राखायला चिलर, लाईट गेली तर बॅकअप. बोअरचं पाणीही आरओशिवाय नको. हा खर्च दोघांनाही सारखाच.

टाकी छोटी, तळ उघडा, मासे ठरलेले असतील तर सिक्सलाइन. टाकी मोठी, वाळू भरपूर आणि पुढे मासे वाढवायचे असतील तर कोरिस.