जिल्हा परिषदेचा निकाल पाहायचा कुठे? वाहिन्या, संकेतस्थळे आणि मतमोजणी केंद्र

पहिली गोष्ट, भारत निवडणूक आयोगाच्या निकालाच्या संकेतस्थळावर जिल्हा परिषद शोधू नका. तिथे लोकसभा-विधानसभाच असते. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.

वृत्तवाहिन्या वेगात सरस, पण नेमकेपणात कमी पडतात. ग्रामीण मतदार दोन मते देतो, एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी (म्हणजे मतदारसंघासाठी), दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी (तिच्या लहान मतदारसंघासाठी). एका गटात दोन गण, म्हणजे ६० गटांच्या जिल्ह्यात १२० गण. पडद्यावर 'पक्षाला ४० जागा' दिसल्या की त्या गटाच्या की गणाच्या हे आधी तपासावे. अनेकदा दोन्ही आकडे एकत्र केलेले असतात, आणि सत्तेचे सगळे गणित तिथेच चुकते. अध्यक्ष निवडण्यासाठी गटांचेच बहुमत लागते. शिवाय स्थानिक आघाड्यांना वाहिन्या सर्रास 'इतर' रकान्यात ढकलतात. जिथे आघाडीच सत्ता ठरवते, तिथे तो तक्ता निरुपयोगी!

मोजणी तालुकावार होते, त्यामुळे सकाळचा जिल्ह्याचा कल एखाद्या लवकर मोजून झालेल्या तालुक्याचाच असू शकतो.

सर्वांत भरवशाचा स्रोत म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची घोषणा. उशिरा मिळते, पण 'आघाडीवर' आणि 'विजयी' यांत गोंधळ नसतो. मताधिक्य, नोटा आणि बिनविरोध जागा तिथूनच घ्या. समान मते पडली तर चिठ्ठी काढतात, म्हणून अटीतटीच्या गटात घोषणेआधी गुलाल मागवू नका.