रबराचा इम्पेलर, जुनी सागवानी बोट आणि दोन नवी इंजिनं: अकरा महिन्यांनंतर

बोट झकास आहे. इंजिनंही चांगली आहेत, पण हे आज म्हणतोय. जानेवारीत विचारलं असतं तर शिव्या ऐकल्या असत्या. लिहायला बसलोय ते १,३५० रुपयांच्या एका रबरी फुलावरून. म्हणजे इम्पेलर, पंपात फिरून पाणी ढकलतो तो. मुठीत मावतं, सहा पाकळ्या. त्याच्यापायी अडीच लाखांचं इंजिन ४७ दिवस गोणपाटाखाली पडून होतं.

परभणी जिल्ह्यात जिंतूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. इम्पेलर या वस्तूशी तीस वर्षांचा संसार. पितळेचे, बिडाचे, सबमर्सिबलमधले नोरिल प्लास्टिकचे, सगळे हातातून गेले. रबराचा कधी पाहिला नव्हता. त्यामुळं जानेवारीत येलदरी धरणाच्या मधोमध डाव्या इंजिनाचा तापल्याचा भोंगा वाजायला लागला, ते आपोआप मंदावलं, आणि पुढं खोलल्यावर आतून रबर निघालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. येलदरीच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच याच पाण्यावर चालतात, आणि माझ्या २० हॉर्सपॉवरला थंड ठेवायला खोडरबर?

थोडं मागून सांगतो. लहानपणी याच धरणावर साहेब लोकांची एक लाकडी लाँच फिरायची, ती डोक्यात बसलेली. मे २०२४ मध्ये जुन्या मोटारींचे पार्ट बघायला मुंबईत दारूखान्यात गेलो, तिथं भंगारात ही दिसली. २२ फूट, सागवान, पोटात दोन पेट्रोल इंजिनं, दोन्ही जाम. एकात उंदरानं घर केलेलं. बोट १ लाख १० हजारांना पडली. इंजिनं तिथंच किलोवर देऊन टाकली, तेवढेच ट्रकच्या डिझेलला झाले. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला समृद्धी धरली, जालन्याला उतरून मंठ्यावरून जिंतूर. टोलनाक्यावरच्या पोरानं विचारलं, "काका, पूर येणारंय का?"

लाकडाचं काम पाच महिने चाललं. आमचे मिस्त्री चौकटी आणि बैलगाड्या करणारे, बोट त्यांनी बापजन्मात पाहिली नव्हती. पण लाकूड वाचता येतं माणसाला. जिथं जिथं लोखंडी खिळा होता तिथं तिथं फळी काळी पडून भुसा झालेली. खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूड घेऊन जातो. अशा नऊ फळ्या बदलल्या, खिळे सगळे तांब्याचे घातले. फटींत जवसाच्या तेलात भिजवलेला कापूस बोथट पटाशीनं ठोकून भरला. पंखे फिरवणाऱ्या जुन्या दांड्यांची दोन भोकं सागवानी खुंट्यांनी बुजवली, कारण नवी इंजिनं पोटात नाही, मागच्या फळीवर बाहेरून टांगायची होती. त्या फळीला आतून दीड इंची सागवानाची जोड दिली.

डिसेंबरात पाण्यात सोडली. दहा मिनिटांत घोट्याएवढं पाणी आत. काठावर निम्मं गाव जमलेलं, त्यातला प्रत्येक जण एकाएकी बोटीतला जाणकार झाला. मिस्त्री मात्र बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "उन्हाळ्यात खिळखिळं झालेलं गाडीचं चाक आपण ओढ्यात टाकतो का नाही? फुगू द्या तिला." दोन दिवस बादलीनं पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तळ कोरडा. पूर्ण खर्चातला हा एकच भाग असा, की ज्याचे पैसे पडले नाहीत.

आता इंजिनं. चार स्ट्रोक, २० हॉर्सपॉवरची दोन, लांब दांड्याची. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण मिटलेलं आहे. तांत्रिक माहिती सगळीकडं मिळते, ती परत देत नाही. जे कुणी सांगितलं नव्हतं ते सांगतो.

पहिलं, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट वेग नाही. मोबाइलवर मोजलं. एका इंजिनावर ताशी साडेनऊ किलोमीटर, दोन्हींवर साडेअकरा. जड, गोल पोटाची बोट पाण्यावर चढून पळत नाही, पाणी ढकलत जाते, आणि एका हद्दीनंतर कितीही ताकद लावा, मागं लाट तेवढी मोठी होते. पेट्रोल मात्र साडेतीन लिटरचं तासाला सात. पेट्रोलच्या भावाची बातमी आली की परभणीचं नाव असतंच, टँकर पार मनमाडहून येतो. तेव्हा मी आता एकच चालवतो, एक दिवस डावं, एक दिवस उजवं. एकावर बोट जरा बाजूला ओढते, हाताला सवय होते.

दुसरं, जुनी इंजिनं पोटातून गेली आणि नवी शेपटीला लागली, त्यामुळं बोटीनं नाक वर केलं. पुढं वाळूची तीन पोती टाकून चालवली. मग बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढं नेली, पोती काढली. हे आधी सुचायला हवं होतं, पाइपचे आणि केबलचे पैसे दोनदा गेले.

तर जानेवारी. भोंगा वाजला तेव्हा फक्त १९ तास चाललेलं इंजिन. उजव्यावर परत आलो. इथं दुसऱ्या इंजिनाचे पैसे वसूल, हे मान्य. मासेमारी करणारे भोई मामा काठावर होते, त्यांचा पहिला प्रश्न, "मुतायलं होतं का?" म्हणजे इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती. ती धार असली तर थंड करणारं पाणी फिरतंय. मला वाटलं होतं, ते जास्तीचं पाणी गळतंय. मी एकदाही बघितलं नव्हतं.

कंपनीच्या माणसानं यायला २६ दिवस लावले. खालचा गिअरचा डबा उतरवला, झाकण काढलं. सहापैकी चारच पाकळ्या, आणि त्यांची टोकं काचेसारखी चकाकत होती. तो म्हणाला, "कोरडं चालवलंय. वॉरंटीत बसत नाही." मी उखडलो. तीस वर्षं शेतकऱ्यांना सांगतोय, मोटार कोरडी चालवू नका, आणि हा मला शिकवतो? मेल झाले, फोन झाले, ग्राहक मंचाची धमकी झाली. तुटलेले दोन तुकडे मी थर्मोस्टॅटजवळच्या (तापमान बघून पाणी सोडणारी झडप) वाटेतून चिमट्यानं काढले आणि भाकरीच्या ताटात बाकीच्या फुलाला जोडून फोटो काढला, पुरावा म्हणून. घरात त्या ताटावरून वेगळं भांडण.

पुराव्यासाठीच जुने व्हिडिओ शोधत होतो. नोव्हेंबरातला एक सापडला, मीच सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठवलेला. दुकानात घोडीवर बांधलेलं डावं इंजिन सुरू होतंय, मी अंगठा दाखवतोय, पोरगा शिट्ट्या मारतोय. एक मिनिट बावन्न सेकंद. खाली पाण्याचा ड्रम नाही. ड्रम शेवटी येतो, उजव्या इंजिनासाठी, पोरगा तो गडगडत आणताना दिसतो.

मी व्हिडिओ कंपनीला पाठवला नाही. किट विकत घेतलं, ३,८०० रुपये, त्यात इम्पेलर १,३५० चा, बाकी झाकण, पत्रा, रिंगा. मुंबईहून यायला आणखी तीन आठवडे गेले. बसवायला अर्धा तास लागला. अर्धचंद्राची चावी गिअरच्या तेलात पडली नाही तर वीस मिनिटं. पाकळ्यांना साबणाचं पाणी लावून, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं फिरवत आत सरकवायचं.

रबराबद्दलही मत बदललं. मी पितळेचा छोटा इम्पेलर लेथवर करून घ्यायला निघालो होतो, कागदावर आकृतीसुद्धा काढली. मग धंद्यातलाच हिशोब आठवला. आपल्या नेहमीच्या पंपात फेऱ्या निम्म्या झाल्या की पाणी चढण्याची उंची पाव होते. इंजिन मंद चालीत हजाराच्या आत फिरतं, तेवढ्यात इवलासा पितळी इम्पेलर पाणी इंजिनाच्या डोक्यापर्यंत चढवणारच नाही. रबराच्या पाकळ्या मंद चालीत भिंतीला घासून पाणी चिमटीत धरून ढकलतात. वेग वाढला की मागं वाकतात आणि साध्या पंपासारख्या चालतात. एका वस्तूत दोन पंप. बनवणारा येडा नव्हता. फक्त कोरडं चालवू नका, हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात पाहिजे होतं. ते चौदाव्या पानावर आहे. लाल अक्षरातच आहे, पण चौदाव्या.

त्याच पुस्तकात पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलंय, आणि पेट्रोल पंपावर २० टक्क्यांचं मिळतं. येलदरीच्या पाण्यावर ऊस, उसाचं इथेनॉल, आणि ते फिरून माझ्या कार्बोरेटरमध्ये. बोट आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, खालचा भाग पाण्यात ठेवून. हे वाक्य आता न चुकता म्हणतो.

मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा काठाला गाळ लागला. गाळात इंजिन चालवलं की पंपाच्या पत्र्यावर गोल चरे पडतात. म्हणून काठाजवळ इंजिन उचलून बांबूनं ढकलत आणतो. भोई मामांना हे फार आवडतं. "आठ लाख घातले अन् शेवटी बांबूच."

आठ नाही, सात लाख नव्वद हजार. बायको म्हणते, थोडी भर घातली असती तर ट्रॅक्टर आला असता. खोटं नाही.

आज डाव्याचे २१२ तास झालेत, उजव्याचे १९०. डाव्याचा इम्पेलर परवा काढून पाहिला. पाकळ्या सहाच्या सहा, पण एका बाजूला वाकून बसल्यात, बदलायला हव्यात. मुंबईच्या बाहेर हा भाग कुणाकडं मिळत असेल तर सांगा. तीन एकदम घेतो. कुरिअरचे वेगळे लावणार असाल तर दोनच.