बाटली की केग? पहिल्या बिअरचा शेवटचा टप्पा

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरी बिअर करणाऱ्यांची वाट मोकळी झाली. तिथल्या नवख्यासमोर १९ लिटर बिअर आंबून तयार झाली की प्रश्न उरतो: फेस कसा आणायचा, बाटलीत की केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात?

बाटलीत भरायची तर आधी हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) माप लागोपाठ तीन दिवस सारखं यायलाच हवं. आंबवणं अर्धवट राहिलं तर वायू वाढून काच फुटते आणि माणूस जखमी होतो. इथे घाई नकोच. मग साधारण ११५ ग्रॅम कॉर्न शुगर (मक्यापासूनची साखर) पाण्यात उकळून मिसळायची, झाकणं दाबायची आणि २० अंश सेल्सियसच्या आसपास दोन-तीन आठवडे थांबायचं. उरलेलं यीस्ट ती साखर खाऊन वायू तयार करतं. तळाशी गाळ बसतो, म्हणून ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवावा. पन्नासेक बाटल्या धुणं मात्र कंटाळवाणं.

केगमध्ये वायू सिलिंडरमधून येतो. थंड केगला १२ पीएसआय (दर चौरस इंचाला १२ पौंड) दाब दिला की आठवडा-दीड आठवड्यात बिअर तयार, आणि फेस कमी-जास्तही करता येतो. पण केग, रेग्युलेटर, नळ, वेगळा फ्रिज, खर्च बराच.

पहिल्या खेपेला मी बाटलीच सुचवेन. दर आठवड्याला एक उघडली की चव कशी मुरते ते जिभेला कळतं.