समुदाय कार्यकर्ता प्रशिक्षण वर्ग : एक परीक्षण

आदिवासी समाजांतील स्थानिक कार्यकर्त्यांसाठी एका संस्थेने चालविलेला समुदाय विकासाचा प्रशिक्षण वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्यातील संमतीविषयीचे सत्र खरोखर उत्तम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांविषयीच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व (म्हणजे समाजावर परिणाम करणाऱ्या निर्णयाआधी, दबावाविना आणि पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घेणे) नुसते वाचून न दाखवता, बैठक कशी बोलवावी, नकार कसा नोंदवावा आणि तो वरिष्ठांपर्यंत जसाच्या तसा कसा पोहोचवावा, याचा प्रत्यक्ष सराव करून घेतला जातो. हिशेब व अहवाललेखनाची सत्रे ठीकच म्हणावी लागतील.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या करारातील २२ व्या कलमानुसार असे प्रशिक्षण त्या समाजाच्या आर्थिक व सांस्कृतिक परिस्थितीवर आणि प्रत्यक्ष गरजांवर आधारलेले असावे, आणि समाजाची तशी इच्छा असल्यास त्याच्या आयोजनाची जबाबदारी हळूहळू त्याच्याकडेच जावी. या कसोटीवर वर्ग स्पष्टपणे उणा पडतो, कारण अभ्यासक्रम बाहेरच्या तज्ज्ञांनी आधीच ठरविलेला होता आणि समाजातील जाणत्यांना केवळ उद्घाटनापुरते (तेही सत्कारासाठी) बोलावले होते. मौखिक परंपरेत वाढलेल्यांची परीक्षा फक्त लेखी घेणे तर अनाकलनीयच. शुल्क नसले, तरी मानधनही नसल्याने रोजंदारीवर जगणाऱ्यांना पूर्ण काळ उपस्थित राहणे जड जाते.

संमतीच्या सत्रासाठी वर्ग अवश्य करावा. मात्र पुढील तुकडीला शिकविणाऱ्यांत त्या समाजातील प्रशिक्षक किती असतील, हे नोंदणीपूर्वी विचारून घ्यावे.