नकाशा, वेबसाइट, यादी की जाहिरात? तालुक्याच्या गावातल्या दुकानाने गूगलवर पैसे आणि वेळ कुठे घालावा

सांगली जिल्ह्यातल्या तासगावातलं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं, एक दुकान उदाहरणाला घेऊ. गिऱ्हाईक म्हणजे सावळज, मणेराजुरी, विसापूर, येळावीकडचे द्राक्ष बागायतदार. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेला पाणी हवंच असतं, आणि तेव्हाच बोअरमधली मोटर बंद पडते. शेतकरी मोबाइल काढून ‘मोटर रिवाइंडिंग तासगाव’ असं टाकतो किंवा बोलतो. समोर साधारण चार थर येतात: वर जाहिराती, मग नकाशा आणि त्याखाली तीन दुकानं, मग जस्टडायल-इंडियामार्टसारख्या याद्या, आणि शेवटी कुणाची स्वतःची वेबसाइट असलीच तर ती.

या चारही ठिकाणी जायचे रस्ते वेगळे आहेत आणि खर्चही वेगळा. छोट्या दुकानाने सगळीकडे थोडंथोडं करू नये. ‘सेवा आणि गावाचं नाव’ अशा शोधात नकाशावरच जोर लावावा, वेबसाइट प्रश्नांच्या उत्तरांसाठी ठेवावी, आणि उरलेल्या दोन गोष्टी गरजेपुरत्याच कराव्यात.

नकाशा: फुकट, पण हद्द ठरलेली

नकाशावरचा क्रम गूगल तीन गोष्टींवर लावतं: शोधाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून ते किती लांब आहे आणि त्याची ओळख किती आहे. अंतर आपल्या हातात नाही. तासगावातलं दुकान मिरजेत उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या तिघांत दिसणं अवघड, आणि कुणी पैसे घेऊन तशी हमी देत असेल तर ती घेऊ नका. पण गावात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर हेच अंतर आपल्या बाजूने असतं. मोठ्या यादीच्या साइटला स्वतःचं दुकानच नसतं, त्यामुळे या तिघांत तिला जागा नाही.

नकाशावर दुकान दिसतं ते त्याच्या गूगलवरच्या मोफत बिझनेस प्रोफाइलमुळे. जुळण्याचा मोठा भाग त्यातल्या मुख्य कॅटेगरीवर, म्हणजे कामाच्या प्रकारावर, ठरतो. ‘हार्डवेअर’ किंवा ‘इलेक्ट्रिकल’ अशी ढोबळ कॅटेगरी न टाकता इलेक्ट्रिक मोटर दुरुस्तीची निवडा. पंपविक्री, स्टार्टर वगैरे दुय्यम ठेवा. मुख्य धरून दहापर्यंत कॅटेगऱ्या चालतात, पण जे काम खरंच होतं तेवढ्याच घ्या. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात किती एचपीपर्यंतच्या मोटरी घेता, मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) करता का, मोटर बोअरमधून काढायला माणसं पाठवता का, हे लिहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक नावात होते. पाटीवर ‘श्री मोटर वर्क्स’ असताना प्रोफाइलवर ‘श्री मोटर वर्क्स बेस्ट सबमर्सिबल रिवाइंडिंग तासगाव सांगली’ लिहिलं, तर काही दिवस फायदा झाल्यासारखा वाटतो. मग कुणी तक्रार केली की प्रोफाइल निलंबित होतं आणि ऐन हंगामात फोन वाजायचे थांबतात. पाटीवर आहे तेच नाव ठेवा.

दुसरी चूक मालकीची. ज्या ओळखीच्या मुलाने प्रोफाइल काढून दिलं, त्याच्याच जीमेलवर ते राहतं. तो पुण्याला गेला की वेळ बदलायचीही सोय राहत नाही. आजच मालकी आपल्या खात्यावर घ्या. मूळ खातं सापडत नसेल तर नवं प्रोफाइल काढू नका. जुन्याच्या मालकीची मागणी गूगलकडे करता येते. दोन प्रोफाइल झाली की रिव्ह्यू दोहोंत विभागले जातात.

रिव्ह्यू मोटर परत देताना, समोरासमोर मागा. काउंटरवर क्यूआर कोड चिकटवा. सूट देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही, आणि एकाच दिवशी आलेले वीस रिव्ह्यू उडूनही जाऊ शकतात. ‘साडेसात एचपीची मोटर दोन दिवसांत भरून मिळाली, सावळज’ असा एक रिव्ह्यू ‘छान सेवा’च्या दहांपेक्षा पुढच्या शेतकऱ्याच्या जास्त कामाचा.

वेबसाइट: हळू, पण पंचक्रोशीबाहेर पोचणारी

नकाशावर ‘मोटर ट्रिप होते, का?’ या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, वेबसाइटवर येतं. ‘सबमर्सिबल रिपेअर सांगली’ या शब्दांवर मोठ्या याद्यांशी झुंजण्यात वर्ष जाईल. त्याऐवजी जे प्रश्न शेतकरी रोज काउंटरवर विचारतात त्यांची पानं करा.

एक पान असं: जळालेल्या वाइंडिंगचे (मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीचे) दोन फोटो शेजारी शेजारी. पहिल्यात दोन फेजची वाइंडिंग काळी ठिक्कर आणि तिसरी तशीच तांबूस. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेली असतात ती) असं दिसलं म्हणजे एक फेज गेली होती आणि मोटर दोनावरच ओढत होती. दुसऱ्यात तिन्ही सारख्याच जळालेल्या, म्हणजे ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. खाली सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) कुठे बसतो त्याचा फोटो आणि एचपीप्रमाणे भरणावळीचा दर, तारखेसह. हे फोटो आणि हा दर कुठल्याही यादीकडे नाहीत. सर्वसाधारण प्रश्नांना आता गूगल बऱ्याचदा स्वतःच वर सारांश देतं, त्यामुळे ऐकीव मजकुराचं पान उघडायचं कारणच उरत नाही.

एका मोहापासून मात्र जपा. टर्न किती, तार कुठल्या गेजची, असे वाइंडिंग डेटाचे तक्ते टाकले की भेटी झपाट्याने वाढतात. पण ते वाचणारे देशभरचे वाइंडर असतात, तुमचे गिऱ्हाईक नाहीत. भेटींचा आकडा सोडा, आलेले फोन मोजा.

गावागणिक एक पान काढून फक्त नाव बदलायचं, हेही करू नका. अशा पानांना गूगल स्पॅम धरतं. ‘आम्ही कुठे येतो’ असं एकच पान पुरे. त्यात गावं आणि येण्या-जाण्याचे किती पैसे घेता ते लिहा.

मराठी साइटींचं खास दुखणं फॉन्टचं. डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या, यूनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला, सगळीकडे चालणारा संकेत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. पडद्यावर मराठी दिसलं तरी सर्च इंजिनला ती निरर्थक अक्षरं असतात. दरपत्रक फोटोतच असेल तर तेही शोधात येईल असं धरू नका. सगळं यूनिकोडमध्ये टाइप करून घ्या. तपासायला पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मराठीच उमटली तर ठीक. ‘मोटर’ आणि ‘मोटार’ दोन्ही रूपं मजकुरात सहज येऊ द्या, आणि बरेच लोक रोमन लिपीतही शोधतात म्हणून पानाच्या शीर्षकात सेवेचं नाव त्या लिपीतही एकदा असू द्या.

वेगाची कसोटी: मोबाइलवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. छोट्या साइटी बहुधा फोटोंनी अडतात. मोबाइलवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, 150-200 केबीपर्यंत आणा. साइट गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाला जोडा. ते फुकट आहे आणि लोक नेमके कुठले शब्द टाकून आले ते सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन दाखवतं. पुढच्या पानाचा विषय तिथेच सापडतो. खर्च म्हणाल तर डोमेनचे (साइटच्या नावाचे) वर्षाला हजाराच्या आसपास आणि होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) वेगळे. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, डिझायनरच्या नाही. फळ दिसायला सहा महिने तरी धरा.

यादी आणि जाहिरात

याद्यांमध्ये मोफत नोंद करा, पैसे भरण्याची घाई नको. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः सारखे हवेत. जुना नंबर एका यादीत राहिला तर तो दुसरीकडेही पसरतो, म्हणून नंबर बदलला की आधी याद्या दुरुस्त करा. पैसे भरायचेच असतील तर एक गोष्ट विचारून घ्या: एकच चौकशी किती दुकानदारांना जाते? चार जणांना गेली तर भाव पाडूनच काम मिळतं.

जाहिरातीचा फायदा तातडीचा आहे: आज पैसे भरले की आज वर. थांबवली की आज खाली. नवं दुकान असेल, प्रोफाइलवर अजून रिव्ह्यू नसतील, तर पहिल्या हंगामात ती उपयोगी पडते. एरवी पहिला पैसा तिथे नको. सुरू करताना दोन गोष्टी हाताने बदला. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘त्या भागात असलेले किंवा त्यात रस असलेले’ हे आपोआप निवडलेलं असतं, तिथे फक्त ‘त्या भागात असलेले’ ठेवा. नाहीतर दूरच्या शहरातल्या क्लिकचेही पैसे जातात. आणि ‘कोर्स’, ‘नोकरी’, ‘मशीन किंमत’, ‘डेटा’ हे शब्द नकारात्मक कीवर्डमध्ये (ज्या शब्दांच्या शोधाला जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत) घाला, कारण रिवाइंडिंग शिकायला निघालेला मुलगाही तोच शब्द टाकतो. रोजचं बजेट ठरवून द्या आणि जाहिरात दुकान उघडं असेल तेवढ्याच तासांत चालवा.

पाऊस लागला की जाहिरात बंद करा, आणि त्याच दिवशी प्रोफाइलवर पावसाळ्याची बदललेली वेळ टाका.