जुनी जीप: पेट्रोल बांधायचं की डिझेल चढवायचं?

विलीज जीपचं मूळ 2199 सीसीचं पेट्रोल इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून नव्याने जुळवायचं, तर पिस्टन, वॉल्व्ह शोधताना चपला झिजतात. पण एकदा जमलं की कुजबुजल्यासारखं फिरतं. तहान मात्र हत्तीची!

महिंद्राचं 2112 सीसीचं प्यूजो (ही फ्रेंच कंपनी) डिझेल इंजिन खिशाला परवडतं, घाटात खालच्या गिअरवर निमूट ओढतं. थरथर मात्र अशी, की आरसे नुसते शोभेला. आमच्या मिस्त्रीने चेनकप्पी लावून ते जीपमध्ये उतरवलं, टाळ्या पडल्या, चहा आला... आणि बॉनेटच मिटेना! महिनाभर सुतळीने बांधून फिरलो. वर इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी, नाहीतर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.

आज विचाराल, तर मी पेट्रोलच बांधेन. सुतळी संपली आहे.