घरासाठी सरळ टिपेचे काळे शिलाई मशीन

घरासाठी शिलाई मशीन घ्यायला दुकानात गेले की साधारण दोन जातींची यंत्रे समोर मांडली जातात. एक पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाचे, झिगझॅगसह अनेक प्रकारचे टाके घालणारे, सहा-सात किलोंचे आणि उचलून कपाटात ठेवता येणारे. दुसरे काळे, लोखंडी, फक्त सरळ टीप मारणारे, जे हातचाकावर, पायांनी किंवा मोटरवर चालते. माझ्याकडे आधी काही वर्षे पहिल्या जातीचे मशीन होते आणि आता दुसऱ्या जातीचे, मोटर बसवून घेतलेले आहे. दोन्ही वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ज्या घरात उसवलेले शिवणे, जुन्या कपड्यांतून काही नवे करणे आणि सणावाराला हौसेने चार वस्तू बनवणे एवढीच गरज आहे, तिथे काळे मशीन अधिक कामाचे ठरते. आणि त्याचे मोठे कारण टिपेच्या दर्जाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, हे आहे की ते जड असल्यामुळे एकदा मांडले की कोणी उचलून ठेवत नाही.

हे कारण वरवर किरकोळ वाटेल, पण घरातली शिवणाची कामे कशी तुंबतात ते पाहिले म्हणजे पटेल. परकराची नाडी आत गेलेली असते, गणवेशाच्या खिशाची एक कड सुटलेली असते, उशीचा अभ्रा कोपऱ्यात उसवलेला असतो. यांतले एकही काम दहा मिनिटांहून मोठे नसते. कपाटातले मशीन काढायचे म्हटले की जेवणाचे टेबल रिकामे करणे, वायर जोडणे, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरणे आणि काम झाल्यावर पुन्हा सगळे आवरणे, यातच कामाच्या तिप्पट वेळ जातो. त्यामुळे "चार कपडे साठले की एकदम बसू" असे ठरते आणि चाराचे चाळीस होतात. घर रंगवायला काढले, घरात आजारपण आले किंवा दिवाळीचे पाहुणे लांबले की घराची घडी विस्कटते, आणि ती पुन्हा बसवताना स्वयंपाक, धुणे, झाडलोट ही कामे आपोआप रुळावर येतात, कारण त्यांच्यावाचून दिवस ढकलता येत नाही. शिवण मात्र सगळ्यांत शेवटी येते, पुष्कळदा येतच नाही. खिडकीजवळ मांडलेल्या, दोरा ओवलेल्या मशीनवर मात्र दुधाला उकळी येईपर्यंतही एक टीप मारून होते. (दुधाकडे लक्ष ठेवायला दुसरे कोणी असावे.)

आता यंत्राविषयी. आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशीने सिंगर कंपनीच्या १५ क्रमांकाच्या जुन्या रचनेवर बेतलेली आहेत, त्यामुळे एका कंपनीच्या मशीनची बॉबिन, बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी), शटल (वरच्या दोऱ्याचा फास बॉबिनभोवती फिरवणारा भाग) आणि दाबाचा पाय (कापड दाबून धरणारा) बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालतात. लुधियाना हे शिलाई मशीन आणि त्याच्या सुट्या भागांचे मोठे केंद्र आहे आणि तिथला माल तालुक्याच्या गावीही मिळतो. पांढऱ्या मशीनच्या आतले एखादे प्लॅस्टिकचे चाक झिजले तर कंपनीच्या सेवा केंद्राची वाट धरावी लागते. काळ्या मशीनचे दुखणे बहुधा गल्लीतला मेकॅनिक तिथल्या तिथे काढतो, आणि नीट बसून पाहिले तर निम्मी दुखणी आपल्यालाही काढता येतात.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंतवळ होणे. खाली गुंता दिसतो म्हणून माणूस बॉबिनवर संशय घेतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा दोन गोल चकत्यांच्या मधून जातो आणि त्या चकत्यांच्या दाबावर त्याचा ताण ठरतो. दाबाचा पाय वर उचललेला असतो तेव्हा चकत्या सैल होतात, आणि पाय खाली असताना त्या घट्ट मिटतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न बसता वरूनच जातो, त्याला ताण मिळत नाही आणि खाली फासेच फासे पडतात. तेव्हा पाय उचलून दोरा पुन्हा ओवावा, आणि एवढ्याने भागले नाही तरच खालचा ताण तपासावा. त्यासाठी भरलेली बॉबिन केसमध्ये घालून केस दोऱ्याने लोंबती धरावी: ती आपल्या वजनाने भराभर खाली येत असेल तर ताण सैल आहे, हिसका देऊनही हलत नसेल तर घट्ट आहे, आणि हलक्या हिसक्यासरशी दोन-तीन बोटे उतरून थांबत असेल तर बरोबर आहे. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव वळशाहून जास्त फिरवू नये.

टिपेचा दर्जा पाहायचा तर या मशीनला तोड नाही. मलमलीच्या झबल्यापासून जीनच्या पिशवीपर्यंत ते एकसारखी, घट्ट, सरळ टीप घालते. फक्त सुई बदलायचा आळस करू नये. मलमल आणि रेशमासाठी ११ नंबर, चादरी आणि सुती साड्यांसाठी १४, जीनसाठी १६ किंवा १८, एवढे लक्षात ठेवले तर सुया मोडत नाहीत. जीनचे जोड जिथे एकावर एक येतात तिथे मोटरवर भिस्त न ठेवता चाक हाताने फिरवावे. जुन्या पँटच्या पायांच्या मी बाजारहाटाच्या पिशव्या केल्या आहेत. पाच किलो कांदे-बटाटे घालूनही त्यांचे बंद उसवत नाहीत, आणि हे श्रेय माझ्या हातापेक्षा मशीनला द्यायला हवे.

हौसेच्या कामांतही ते मागे पडत नाही. गुळेदगुड्डच्या खणाची तोरणे, देवघरातले आसन, रुखवतातल्या लहान पिशव्या, बाळाची कुंची, ही सगळी सरळ टिपेची कामे आहेत. खणाचे धागे कडेने लवकर सुटतात, म्हणून तिथे कड दुहेरी दुमडून टीप मारावी लागते. तलम सुती कापडाला मी आधी सुलट बाजूने बारीक टीप घालते, कापड उलटवते आणि दुसरी टीप अशी मारते की कच्ची कड आत बंद होते. हे केल्यावर इंटरलॉकची, म्हणजे कडेचे धागे सुटू न देणाऱ्या टिपेची, आठवणही येत नाही.

गोधडीच्या बाबतीत मात्र या मशीनकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. सुईपासून मशीनच्या उभ्या खांबापर्यंतची जागा वीतभरही नसते. त्या फटीतून चार घड्यांच्या नऊवारीची गुंडाळी सरकवताना खांदे भरून येतात, आणि कच्चे टाके घातलेले असले तरी वरचा थर पुढे आणि खालचा मागे असे होऊन सुरकुत्या शिवल्या जातात. दोन थरांची पातळ दुलई मशीनवर होते. त्याहून जाड गोधडीला काठाची पट्टी तेवढी मशीनने लावावी आणि बाकीचा धावदोरा, जसा कडेपासून आत येत घालतात तसा, हातानेच घालावा. तशीही हाताने घातलेल्या गोधडीची ऊब आणि मऊपणा मशीनच्या ताठ टिपेला येत नाही.

या मशीनच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि घेण्याआधी त्या समजून घ्याव्यात. झिगझॅग नसल्यामुळे टी-शर्टसारखे ताणणारे कापड त्यावर नीट शिवले जात नाही, ते अंगात घालताना ताणले की सरळ टीप तटकन तुटते. काज होत नाही आणि साडीला पिको करता येत नाही. फॉल-पिकोच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. ज्यांच्या घरात मुलांचे होजिअरीचे कपडेच जास्त आहेत किंवा ज्यांना ब्लाउज, कुर्ते शिवण्याचा नियमित उद्योग करायचा आहे, त्यांनी झिगझॅगचे मशीन घ्यावे. शिवाय त्याच्या अरुंद, खालून मोकळ्या भुजेवर बाही घालून शिवण्याची जी सोय आहे, ती काळ्या मशीनच्या सपाट पाटावर नाही. भाड्याच्या घरात राहून दर अकरा महिन्यांनी सामान हलवणाऱ्यांनाही हे लोखंड गळ्यात बांधून घ्या असे मी म्हणणार नाही.

मोटर घ्यावी की पायांनी चालवावे, हा प्रश्न प्रकृतीचा आहे. पायांनी चालवले तर वेग आपल्या ताब्यात राहतो, आवाज कमी होतो आणि वीज गेली तरी काम अडत नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा हे विशेष जाणवते. गुडघे कुरकुरत असतील तर मोटर बरी. माझ्याकडे ज्या दुकानाच्या माणसाने मोटर बसवली त्याने पट्टा इतका ताणून बसवला होता की थोड्याच वेळात मोटरवर हात ठेववेना, आणि विचारले तर "नवी आहे, तापणारच" असे उत्तर मिळाले. मोटर तिच्या खाचेत जराशी वर सरकवून पट्टा बोटाने दाबल्यावर किंचित लवेल इतका सैल केला आणि तक्रार मिटली. दुकानदाराने हे सांगायला हवे होते.

तेलाबाबत एकच पथ्य आहे आणि ते कडक आहे. मशीनचे पातळ, रंगहीन तेलच वापरावे. खोबरेल कधीही घालू नये. खोबरेल चोविसेक अंश तापमानाखाली गोठू लागते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत पहाटे मशीनचे चाक हलत नाही, आणि जुने झालेले खोबरेल चिकट होऊन सांध्यांत बसते. वापर रोजचा असेल तर आठवड्याला, नाहीतर महिन्याला प्रत्येक भोकात एकेक थेंब पुरतो. नंतर चिंधीवर थोडी टीप मारून जास्तीचे तेल काढावे, नाहीतर पहिला डाग नेमका पांढऱ्या अभ्र्यावर पडतो. शटलच्या खाली साचणारा कापडाचा भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला की निम्मा आवाज कमी होतो.

किमतीचे म्हणाल तर मॉडेल, टेबल आणि शहर यांप्रमाणे त्या बदलतात, पण साधे काळे मशीन झिगझॅगच्या मशीनपेक्षा सहसा स्वस्त पडते आणि मोटरचा खर्च धरूनही फरक उरतो. स्वस्तातल्या काही मॉडेलांत उलटी टीप नसते. ती असलेलेच घ्यावे, कारण शिवणीच्या दोन्ही टोकांना दोरा पक्का करायला तिचा रोज उपयोग होतो. जुने मशीन मिळत असेल तर रंग आणि सोनेरी नक्षी पाहून भुलू नये. चाक हाताने फिरवून ते कुठे अडखळते का आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे डुगडुगतो का ते पाहावे. नवे असो वा जुने, घरातून मलमलीचा एक तुकडा आणि जीनची दुमडलेली पट्टी बरोबर न्यावी, सुई बदलायला लावून दोन्हींवर समोर टीप मारून घ्यावी आणि कापड उलटवून खालची बाजू बघावी. दुकानात ठेवलेल्या कडक नमुन्याच्या कापडावर कोणतेही मशीन चांगलेच शिवते. आपल्या तुकड्यावर टीप मारून दाखवायला जो दुकानदार कुरकुर करील, त्याच्याकडून मशीन घेऊ नये.